घटिका बुडेपर्यंत

“आणि या सगळ्यात तुझे आप्पा कुठे आहेत?”

सत्यजितने तक्त्यावर बोट ठेवलं. “हे काय बाई, पहिल्या रांगेत. मधली खुर्ची. पाठीला लोड, शेजारी पाणी, वर पंखा.”

“खुर्ची दिसली मला. मी आप्पा विचारले.”



नदीकाठच्या त्या दोन खोल्यांच्या घराच्या ओसरीवर तक्ता अंथरला होता. केवढा म्हणाल, तर चार माणसं त्यावर जेवायला बसतील एवढा! वाऱ्याने उडू नये म्हणून बाईंनी त्याच्या चारी कोपऱ्यांवर कृष्णेतले गोटे ठेवले होते. सत्यजितच्या धाकट्या बहिणीचं, शर्वरीचं लग्न त्या कागदावर मांडलेलं होतं. उभ्या रकान्यांत वेळ, आडव्या ओळींत माणसं, आणि प्रत्येक चौकोनात एक काम. रिकामा चौकोन औषधालाही नव्हता.

बाई म्हणजे कुमुद आगाशे. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायच्या. सत्यजित रणनवरेने त्यांच्याच हाताखाली डॉक्टरेट केली, गर्दी आणि रांगा या विषयावर. निवृत्त झाल्यावर बाईंनी पुण्याचं बिऱ्हाड मोडलं आणि त्या आजोबांच्या गावी येऊन राहिल्या. आजोबा इथले जोशी, म्हणजे मुहूर्त काढून देणारे होते. आता लोक बाईंकडेही येत. कुणी प्रश्न घेऊन, कुणी नुसतेच. बाई उत्तरं फारशी देत नसत. उलट विचारत.

आणि आता बघा, हा पठ्ठ्या काय करून आला होता.

लग्न ठरलं, तसा सत्यजित प्रबंधाला भिडावं तसा लग्नाला भिडला. आधी पूर्वसूरींचा अभ्यास. म्हणजे सगळ्या नातेवाइकांच्या घरी जाऊन विचारायचं, “तुमच्या लग्नात काय बिनसलं होतं?” त्यापायी दोन माम्यांचं जुनं भांडण नव्याने पेटलं. मग प्रत्यक्ष निरीक्षण. अनोळखी लग्नांना बिनबोलावता जायचं आणि खांबाआड उभं राहून घड्याळ लावायचं. एका लग्नात त्याला वाढपी समजून हातात जिलबीची परात दिली, तर याने ती पंगतभर वाढली आणि वाढता वाढता वेळही मोजला! मग चाचणी. चुलतभावाच्या पोरीच्या बारशाला त्याने पानं कशी मांडायची ते ठरवून पाहिलं. बारसं राहिलं बाजूला, पाहुणे याच्याकडेच बघत होते.

पण खोटं कशाला बोला, काम चोख होतं. जेवणाची रांग कुठे तुंबते, फोटोवाला कुठे वेळ खातो, मेंदी वाळेपर्यंत नवरीचं दुसरं काय उरकता येतं, सगळं त्याने सोडवलं होतं.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. सगळा तक्ता त्यांनी मन लावून वाचला होता, अगदी गुडघ्यांवर रांगत. मधे दोनदा “वा!” म्हणाल्या होत्या. सत्यजितची छाती फुगली होती.

आता ती हळूहळू उतरायला लागली.

“मंगलाष्टकं कोण म्हणणार?” बाईंनी विचारलं.

“पुण्याच्या एक गायिका आहेत. वेळ अचूक बसवलीय त्यांनी. शेवटचं ‘सावधान’ बरोबर मुहूर्तावर पडणार.”

“आप्पा म्हणायचे ना रे?”

“म्हणायचे.”

म्हणायचे म्हणजे काय! सत्यजितच्या गावात आप्पागुरुजींच्या मंगलाष्टकाशिवाय लग्न लागत नसे. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडलेला तो आवाज संध्याकाळी मांडवात असा काही निघायचा, की विहिणी रुसवा विसरायच्या. नवरानवरीची नावं गुंफून प्रत्येक लग्नाला नवं मंगलाष्टक रचायचे. कुणाकडून एक सुपारीसुद्धा जास्त घेतली नाही कधी.

मग अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, हात सावरला. जीभ मात्र रुसली. शब्द डोळ्यांपुढे असायचा, ओठांवर यायचा नाही.

“मग आता?” बाई म्हणाल्या.

“त्यांना... वगळलंय.”

“कारण?”

सत्यजितने ओठांवरून जीभ फिरवली. “आउटलायर.”

इतरांत न बसणारा, म्हणून गाळायचा आकडा, या अर्थाने वर्गात हा शब्द त्याने हजारदा वापरला होता. पण त्या ओसरीवर, आप्पांबद्दल, तो कानाला फार वाईट लागला.

 एक गोटा उचलून बाईंनी दुसऱ्या बाजूला ठेवला, एवढंच.

“तुम्ही पाहिलं नाहीत बाई!” सत्यजित एकदम उसळला. “मी पाहिलंय. आजारातून उठल्यावर आत्याच्या मुलाच्या लग्नात हट्टाने उभे राहिले. पहिल्या दोन ओळी कशा खणखणीत आल्या! आणि मधेच अडकले. श्वास घ्यायलासुद्धा कुणी वेळ दिला नाही हो त्यांना. वाजंत्र्यांना वाटलं, संपलं. ताशा कडकडला, लोकांनी अक्षता उधळल्या. आप्पा तोंड उघडं टाकून उभेच. तोंडात तांदूळ जात होते त्यांच्या. आणि मागे कुणीतरी हसलं...”



“त्या दिवशी ठरवलं मी. माझ्या बापाला पुन्हा कुणी हसणार नाही. मला तक्त्याची हौस नाही बाई. हा तक्ता त्यासाठी आहे.”

“समजलं,” बाई म्हणाल्या. आणि खरंच समजलेलं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. “शर्वरी काय म्हणते?”

“ती बोलत नाही माझ्याशी. आप्पांनीच मंगलाष्टक म्हणायचं, असा हट्ट धरून बसलीय. परवा म्हणाली, ‘दादा, तू लग्न लाव. मी येईन पाहुणी म्हणून.’”

“आणि आप्पा?”

“ते काहीच म्हणत नाहीत. मी घरात असलो, की तोंडच उघडत नाहीत.”

“म्हणून आलास?”

“तुम्ही तिला समजावा. तुमचं ऐकेल ती. एवढं एक काम करा बाई.”

नदीच्या बाजूने धुणं आपटल्याचा आवाज येत होता. बाई तो ऐकत बसल्या.

“तुझ्या प्रबंधात गाडीचा एक थांबा होता,” त्या म्हणाल्या. “आठवतो?”

“आठवतो. तिथे गाडी रोज उगाच रेंगाळायची. सगळं गणित बिघडत होतं.”

“तू तो थांबा वगळायला निघाला होतास. मी काय सांगितलं होतं?”

“तिथे जाऊन बस, म्हणून.”

“काय दिसलं?”

“ड्रायव्हर एका आंधळ्या म्हातारीसाठी थांबायचा. ती बांधावरून येताना काठी वर करायची. ती चढली, की मग गाडी हलायची.”

“मग वगळलास?”

“नाही. त्याच्यावर वेगळं प्रकरण लिहिलं.”

“हं.” बाई उठल्या. “आप्पांपाशी जाऊन बसलास कधी?”



बाई आत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात पाण्याने भरलेलं तांब्याचं घंगाळ होतं आणि काखोटीला एक लहानशी वाटी. घंगाळ त्यांनी बरोबर तक्त्याच्या मधोमध ठेवलं. पंगतीच्या चौकोनांवर पाणी सांडलं. सत्यजितने रुमाल काढून ते टिपलं.

“हे माझ्या आजोबांचं घटिकापात्र. पूर्वी मांडवात घड्याळं कुठली? हेच पाण्यावर सोडायचे. भरून बुडालं, की एक घटिका झाली. त्यावर मुहूर्त धरायचा.” त्यांनी वाटी त्याच्या हातात दिली. “बघ, काही दोष आहे का यात?”

सत्यजितने ती उजेडाकडे धरली. पातळ, गुळगुळीत, कागदासारखी हलकी. तळाशी सुईच्या अग्राएवढा प्रकाशाचा ठिपका चमकला.

“भोक आहे.”

“बुजव.”

“अं?”

बाईंनी कोनाड्यातला मेणाचा तुकडा त्याच्यापुढे टाकला. त्याने मेण मळलं, भोक बुजवलं, वरून अंगठ्याने घोटलं. केलेलं काम नीटच करायची सवय!

“सोड पाण्यात.”

वाटी तरंगली. छान तरंगली. दोघं बघत बसले.

बाईंनी चहा केला. दोघांनी चहा प्यायला. वाटी तरंगत होती. घाटावरच्या बाया धुणं आटोपून घरी गेल्या. वाटी तरंगत होती.

“मुहूर्त कधी आहे?” बाईंनी विचारलं.

सत्यजित हसला. मग त्याचं हसू मावळलं.

“... येणारच नाही.”

“का बरं? आता तर दोष नाही पात्रात.”

सत्यजित वाटीकडे बघत राहिला. बाईंनी ती उचलली, केसातली पिन काढून मेण कोरलं, आणि वाटी पुन्हा पाण्यावर ठेवली. अलगद, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

 

आधी काहीच दिसेना. मग वाटीच्या तळाशी पाण्याचा एक मणी आला. कुठून आला, ते डोळ्यांना कळलं नाही. मण्याचा थेंब झाला, थेंबाचं तळं झालं. कुणी ओतत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. वाटी पाण्यात उतरत होती आणि पाणी वाटीत चढत होतं. काठ पाण्याला टेकायला आला.  रांगा मोजण्यात वर्षं घालवलेला माणूस तो, पण वेळ येताना त्याने पहिल्यांदाच पाहिली.

डुबुक.

वाटी तळाला जाऊन बसली. वर्तुळं घंगाळाच्या काठापर्यंत आली आणि विरली. सत्यजितच्या अंगावर काटा उभा राहिला होता. का, ते त्याला सांगता आलं नसतं.

“मी लग्नाला येईन,” बाई हळूच म्हणाल्या. “ही घेऊन येईन. शर्वरीला समजावणार मात्र नाही.”

“बाई...”

“आणि एक चौकोन रिकामा ठेव. मुहूर्ताचा. त्यात कुणाचं नाव नको, काम नको.”

“रिकामा? आणि त्या वेळी काही चुकलं तर?”

बाईंनी बुडालेलं पात्र पाण्यातून काढलं आणि त्या ते पदराने पुसायला लागल्या.  

* * *

गावी पोचल्यावर सत्यजितने आईला विचारलं, “आप्पा दिवसभर असतात तरी कुठे?”

आई पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली. “पहाटेचे विहिरीवर जातात. तुला ठाऊक नाही?”

ठाऊक नव्हतं. पंगतीत मीठ वाढायला किती वेळ लागतो, ते साहेबांना ठाऊक होतं. बाप पहाटे कुठे जातो, ते नाही.

पहाटे तो गेला. विहिरीच्या कठड्याला धरून आप्पा उभे होते आणि आत वाकून म्हणत होते. मंगलाष्टक! आवाज पूर्वीचा नव्हता, पण विहीर तो घेत होती आणि भरदार करून परत देत होती. बोलताना न सापडणारे शब्द सुरात एकामागून एक येत होते. कृष्णेचं पाणी आलं, आईची माया आली, जावयाचं, मकरंदचं नाव आलं. शेवटच्या ओळीत लेकीचं नाव होतं. तिथे सूर थांबला.

“श... श...”

आप्पांनी डोळे मिटले. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले. पुन्हा तिथेच अडकले. ज्या लेकीसाठी हे सगळं, तिचंच नाव येईना!

सत्यजितच्या पायाखाली वाळलं पान मोडलं. आप्पांनी वळून पाहिलं आणि घट्ट तोंड मिटलं.

दुसरा कुणी असता तर परतला असता. सत्यजितलाही पळून जावंसं वाटलं. पण तो कठड्याशी जाऊन खाली बसला.

त्या पहाटे आप्पा काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या पहाटेही नाहीत. पोरगा मात्र येऊन बसतोय. ना घड्याळ, ना कागद.

मग एका पहाटे आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणायला सुरुवात केली. त्याच्या देखत.

“श... श...”

सत्यजितच्या ओठांवर नाव तयार होतं. सांगून टाकलं की संपलं! त्याने ओठ दातांत धरले. आप्पांनी ते पाहिलं.

“नाही... येत,” आप्पा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते त्याच्याशी बोलले होते.

“नसू दे. मी बसलोय, आप्पा.”

आप्पांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी पाढा चुकला, तरी ठेवायचे तसा.

त्याच दिवशी सत्यजितने पुण्याच्या गायिकेला फोन करून माफी मागितली. मग शर्वरीच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

“आप्पा म्हणणार आहेत,” तो म्हणाला.

शर्वरी कपाटात साड्या लावत होती. ती मागे वळली नाही. “आणि अडकले तर?”

“अडकतील.”

मग ती वळली. आधी त्याच्या दंडावर एक जोरात बुक्की मारली, आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली. “मेल्या, एवढे दिवस लावलेस!”

“बाईंनी चौकोन रिकामा ठेवायला सांगितलाय,” तो म्हणाला. “माझी तर फाटलीय गं.”

* * *

लग्न गोरज मुहूर्ताचं होतं. गुरं घरी परतताना धूळ उडते, त्या वेळचं.

सकाळपासून सगळं तक्त्याबरहुकूम चाललं होतं. रांग तुंबली नाही, फोटोवाल्याने वेळ खाल्ला नाही, माम्या दोन वेगळ्या पंगतींत बसल्या. बारशातली चाचणी कामी आली. मकरंदकडची मंडळी तोंडात बोटं घालत होती. “नवरीचा भाऊ मोठा शिकलेला दिसतो!”

नवरीच्या भावाच्या हातापायांना मात्र घाम फुटला होता.

बोहल्याच्या एका बाजूला, वाजंत्र्यांच्या अगदी समोर, बाई घंगाळ घेऊन मांडी घालून बसल्या होत्या. लग्न लावणारे टेंबेगुरुजी तरुण होते. घटिका बघून त्यांचे डोळे लकाकले. “पोथीत वाचलंय हो हे! मला वाटलं नव्हतं, माझ्या हातून असं लग्न लागेल.” बोहल्यावरचा माइक काढून सत्यजितने घंगाळाच्या काठाशी नेऊन ठेवला.

गुरुजी मोठ्याने म्हणाले, “मंडळी! आज घड्याळ नाही. ही घटिका बुडेल, तिचा आवाज कानांनी ऐकायचा. मग अंतरपाट जाईल, मग अक्षता. तोवर मूठ कुणी उघडायची नाही.”

आधी खसखस पिकली. मग कुणीतरी कुणाला गप्प केलं. “अरे, आवाज यायचाय!” मग त्याने दुसऱ्याला गप्प केलं. मोबाइल खिशात गेले. पोरंसुद्धा आयांच्या मांडीवरून घंगाळाकडे बघायला लागली. लग्नाच्या कार्यालयात शांतता! शपथेवर सांगितलं, तरी कुणाला पटायचं नाही.

बाईंनी घटिका पाण्यावर सोडली.

अंतरपाट धरला गेला. अलीकडे शर्वरी, पलीकडे मकरंद. गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली. एक झालं, दुसरं झालं. नेहमी ‘सावधान’ म्हटलं की तांदूळ उडतात. आज मुठी मिटलेल्या. सगळे कान पाण्याकडे.

मग आप्पा उठले.

ते ठरलंच होतं. पण सत्यजित कुठे उभा राहणार, ते ठरलं नव्हतं. सबंध दिवस तो दारापाशी होता, जिथून सगळं कार्यालय नजरेत येतं. आता तो ती जागा सोडून चालत आला आणि आप्पांच्या शेजारी उभा राहिला. दोन्ही हात रिकामे.

आप्पांनी सूर लावला.

जुन्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. आप्पागुरुजींचा आवाज! थकलेला, कापरा, पण तोच. कृष्णेचं पाणी आलं. आईची माया आली. पुढे बसलेल्या आईने डोळ्यांना पदर लावला. मकरंदचं नाव आलं. शेवटची ओळ आली.

“श...”

सूर थांबला.

 सत्यजितने ताशावाल्याकडे पाहिलं. ताशावाल्याची काडी वर उचललेली होती. पण त्याचे डोळे आप्पांकडे नव्हतेच. समोर बाई एक हात किंचित वर धरून बसल्या होत्या, आणि ताशावाला घंगाळात बघत होता.

“श... श...”

कुणी खोकलं नाही. कुणी हसलं नाही. कुणी शब्द सुचवला नाही. आख्खं कार्यालय मूठ मिटून थांबलं होतं. त्या मुठीत तांदूळ होते, आणि त्या थांबण्यात आप्पा उभे होते, एकटे नव्हे, सगळ्यांच्या मधोमध. बाहेर गुरांच्या घंटा वाजत गेल्या. सत्यजितला वाटलं, आपण इतकी लग्नं मोजली, पण लग्न आज पहिल्यांदा पाहतोय. हे इतकं मोठं असतं? त्याचे हात आपोआप जोडले गेले.

डुबुक.

माइकमधून तो आवाज भिंतींपर्यंत गेला. सगळ्यांनी ऐकला.

मुहूर्त आला होता. आणि आप्पा गप्प होते.

अंतरपाट सोडायचा तो क्षण. टेंबेगुरुजींनी आप्पांकडे पाहिलं. अंतरपाट त्यांच्या हातात तसाच राहिला. अक्षतेचा एक दाणा कुणाच्या हातून निसटला नाही.

आप्पांनी डोळे मिटले. आणि मग, वृत्त सोडून, मात्रा सोडून, रोज संध्याकाळी दारातून मारायचे तशी साधी हाक त्यांच्या तोंडून निघाली.

“शरू...”

अंतरपाटाआडून, मुंडावळ्यांखालून, नवरीने ओ दिली.

“ओ, आप्पा!”

आप्पांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा कसा फुलला, काय सांगावं!

“... सावधान.”

अंतरपाट गेला. अक्षता अशा उडाल्या, की नवरानवरी क्षणभर दिसेनात. ताशावाला रडत वाजवत होता. आप्पा अक्षतांच्या वर्षावात उभे होते. तोंड उघडं होतं, कारण ते हसत होते, आणि तोंडात तांदूळ गेले तरी त्यांना त्याचं काही नव्हतं.

* * *

वरात निघायची गडबड सुरू झाली. बाई एका बाजूला बसून घटिका पुसत होत्या. सत्यजित त्यांच्या पाया पडला आणि तिथेच जमिनीवर बसला. 

मग त्याने बगलेतला तक्ता उलगडला. हळदीचे डाग, पाण्याचे डाग. सगळे चौकोन भरलेले. मुहूर्ताचा तेवढा कोरा.

“बाई,” तो म्हणाला, “पात्र बुडालं तेव्हा आप्पा गप्प होते. गुरुजी गप्प होते. वाजंत्री गप्प. लग्न लागलं, त्या क्षणी कुणीच काही करत नव्हतं. मग या चौकोनात लिहू तरी काय?”

बाईंनी घटिका उजेडाकडे धरली. भोकातून दिव्याचा ठिपका त्यांच्या गालावर पडला.

“लिही,” त्या म्हणाल्या. “सगळे हजर होते.”